शिट्टी वाजवणाऱ्याकडे कोण बघतं?

संध्याकाळी साडेपाचच्या आत मैदानावर पाणी मारून झालेलं असतं. धूळ बसली की चारजण वाकून खडे वेचतात. दोघं दोरी ताणून धरतात आणि एकजण डब्यातून फक्की सोडत जातो. मधली पाटी, आडव्या पाट्या, दोन टोकांना खांब, खांबांमध्ये २४ मीटर. पुणे, सांगली, ठाणे, धाराशिव, फलटण, कुठेही जा, खो-खोच्या मैदानाची संध्याकाळ साधारण अशीच उगवते. ही सगळी तयारी ज्याच्या देखरेखीखाली चालते तो दिवसभर दुसरीकडे कुठेतरी असतो: बँकेत, एसटी डेपोत, कारखान्यात, शाळेच्या कार्यालयात. मंडळाकडून मानधन मिळालंच तर पेट्रोलपुरतं. मुलं त्याला सर म्हणतात, दादा म्हणतात, ती बाई असेल तर ताई.

या दादा-ताईंनी शिकवणं कुठे शिकलं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, आपल्या सरांकडून. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी शाळाशिक्षकांबद्दल १९७५ मध्ये जे मांडलं ते मैदानालाही चपखल बसतं. माणूस शिक्षक होण्याआधी हजारो तास विद्यार्थी म्हणून शिक्षकाला बघत असतो, आणि शिकवणं म्हणजे काय हे त्याच्या मनात तिथेच पक्कं होतं. मात्र त्याला सगळं फक्त समोरून दिसलेलं असतं. सरांनी शिट्टी वाजवली हे त्याने पाहिलं; ती त्याच क्षणी का वाजवली आणि त्याआधी काय हेरलं होतं, हे दिसण्याचं काही कारण नव्हतं. म्हणून पुढच्या पिढीकडे उतरते ती शिट्टी. हेरणं सरांपाशीच राहतं.

त्यामुळे काही गोष्टी वारसाहक्काने चालत येतात. आल्याबरोबर मैदानाला दहा फेऱ्या. मग उभ्या उभ्या ताण देण्याचे व्यायाम, सगळ्यांनी मिळून एक ते दहा आकडे म्हणत. उशीर झाला, चुकलं, हसलं, तर आणखी पाच फेऱ्या. ज्या खेळाचा सगळा आनंद पळण्यात आहे, त्यात पळणं हीच शिक्षा करून ठेवायची, हा उलटा न्याय आपल्या मैदानांवर इतका रुळलाय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही. आणि सगळ्यात मोठा वारसा म्हणजे रांग.

रांगेचं गणित करून बघण्यासारखं आहे. चोवीस मुलं, एक खांब, खांबावरच्या सुराचा सराव. एका मुलाचं पळत येणं, सूर, उठणं आणि परत येणं यात साधारण पंधरा सेकंद जातात. म्हणजे प्रत्येकाची पाळी सहा मिनिटांनी. वीस मिनिटांच्या सरावात एका मुलाला तीन पाळ्या मिळतात आणि बाकी सव्वाएकोणीस मिनिटं तो उभा असतो. सरांना मात्र सराव जोरात चालल्यासारखा वाटतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर कुणी ना कुणी सतत सूर मारत असतं. आता दोन्ही खांब वापरा. बारा मुलं खांबांवर, सहा-सहा. उरलेली बारा पाटीत बसून खो घेण्याच्या आणि उठण्याच्या सरावाला. दहा मिनिटांनी अदलाबदल. खांबावरची पाळी आता दीड मिनिटाने येते. दहा मिनिटांत सहा पाळ्या झाल्या, आणि उरलेली दहा मिनिटं उठण्याच्या सरावासाठी फुकटात मिळाली. मुलं तीच, मैदान तेच, वेळही तेवढाच.

हे समजायला पदविका लागत नाही, घड्याळ लागतं. तरीही वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, आणि त्याचं कारण आळस किंवा अज्ञान असं म्हणणं अन्यायाचं होईल. खेळाडूकडे बघायला प्रशिक्षक असतो. प्रशिक्षकाकडे बघायला कुणीच नसतं. पालक स्कूटरवर बसून फोनमध्ये असतात आणि मंडळाचे अध्यक्ष स्पर्धेच्या दिवशी हार घेऊन येतात. शिकवणाऱ्याची चूक दाखवणारा माणूस मैदानावर नाही, म्हणून ती चूक वयात येते, प्रौढ होते आणि पुढे 'आमची पद्धत' म्हणून मिरवते.

मैदानावरच्या शिकवण्याकडे नीट बघितलं तर काय हाती लागतं, याचे दोन जुने दाखले मला फार मोलाचे वाटतात. १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात जॉन वुडन या नामवंत बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या सरावाला जाऊन बसले. पंधरा सत्रांत त्यांनी वुडनच्या २,३२६ कृती नोंदवल्या. निम्म्याहून किंचित अधिक कृती म्हणजे साध्या सूचना होत्या: काय करायचं, कसं करायचं. शाबासकी सात टक्क्यांच्या आसपास. भाषणं जवळजवळ नाहीतच. जो-तो प्रेरणा शोधत होता आणि सापडलं ते हे: छोटी, नेमकी, न थांबता दिलेली माहिती.

दुसरा दाखला आपल्या दादा-ताईंच्या जास्त जवळचा आहे, कारण तो बिनपगारी प्रशिक्षकांचाच आहे. त्याच दशकात वॉशिंग्टन राज्यात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांना शिकवणाऱ्या पालक-प्रशिक्षकांचं निरीक्षण केलं. ते मैदानावर काय करतात ते मोजलं, आणि मग त्यांनाच विचारलं, तुम्ही काय करता? दोन्ही उत्तरांचा मेळ जवळपास बसला नाही. आपण भरपूर प्रोत्साहन देतो असं वाटणारा प्रत्यक्षात देत नव्हता. आपण तांत्रिक शिकवतो असं वाटणारा नुसता ओरडत होता. मुलांना विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर मात्र मोजणीच्या पुष्कळ जवळ गेलं. म्हणजे शिकवणाऱ्यापेक्षा शिकणाऱ्याला शिकवणं जास्त नीट दिसत होतं. पुढे याच गटाने प्रशिक्षकांसाठी सुमारे अडीच तासांचं एक सत्र बेतलं. चांगल्या खेळाची आणि मनापासून केलेल्या प्रयत्नाची लगेच दखल घ्या, चूक झाली तर आधी धीर द्या, मग नेमकं काय बदलायचं ते सांगा, शिक्षा टाळा. एवढंच. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात असं सत्र न केलेल्या प्रशिक्षकांची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात आली नाहीत. सत्र केलेल्यांची ५ टक्के. जिंकण्या-हरण्यात फरक नव्हता, त्यामुळे 'जिंकणारा संघ म्हणून मुलं टिकली' असंही म्हणता येत नाही.

तेव्हा आपल्या मंडळात कुणी मानसशास्त्रज्ञ येऊन बसणार नसेल तर काय करायचं? फोन आहे. पण व्हिडिओपासून सुरुवात करू नये. व्हिडिओ घेतला की प्रशिक्षक खेळाडूंकडेच बघत बसतो, स्वतःकडे नाही. आधी नुसता आवाज घ्यावा. फोन वरच्या खिशात, रेकॉर्डर चालू, सत्राच्या मधली दहा मिनिटं. रात्री जेवणानंतर कागदावर पाच रकाने आखून ऐकायचं: नेमकी सूचना, शाबासकी, दटावणी, नुसता गलका आणि शांतता. 'पळ, पळ, अरे पळ की!' हे गलक्यात जातं, कारण त्यातून मुलाला काहीच नवं कळत नाही. पळायचं असतं हे त्याला ठाऊक आहे. 'खांबाच्या आधीची शेवटची तीन पावलं लहान टाक' ही सूचना. 'व्वा' ही शाबासकी. 'व्वा, खांदा न फिरवता थांबलास' ही शाबासकीही आणि सूचनाही. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांचा गलक्याचा रकाना भरून वाहतो. निराश व्हायचं कारण नाही, तो रकाना सगळ्यात लवकर आटतो.

त्याच ध्वनिफितीतून दुसरी एक मोजणी करावी: किती मुलांची नावं आली? चोवीसपैकी सहा-सातच नावं पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यात चांगली तीन आणि सगळ्यात व्रात्य तीन. मधली सतरा-अठरा मुलं दीड तास पळून, घाम गाळून, नाव ऐकल्याशिवाय घरी जातात. आठवी-नववीत गळणारी मुलं बरीचशी याच मधल्या गठ्ठ्यातली असतात, असं माझं ठाम मत आहे.

आवाजाची सवय झाल्यावर माणूस आणावा. शेजारच्या मंडळातला प्रशिक्षक, महिन्यातून एक संध्याकाळ. पुढच्या महिन्यात आपण त्याच्याकडे. यात तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला: पाहुणा दहाव्या मिनिटाला न राहवून मैदानात उतरतो आणि शिकवायला लागतो. दुसरा: तो सगळंच बघतो आणि शेवटी 'छान चाललंय, शिस्त चांगली आहे' म्हणून चहा पितो. तिसरा सगळ्यात वाईट: मुलांसमोरच 'सर, हे असं नको होतं' असं म्हणतो. म्हणून आधी ठरवून घ्यावं. पाहुण्याने एकाच प्रश्नाचं उत्तर आणायचं आणि तो प्रश्न यजमानाने द्यायचा. उदाहरणार्थ, 'मी चूक दाखवल्यावर मुलाला लगेच पुन्हा करून बघायला मिळतं का?' पाहुणा कडेला बसून खुणा करतो: मिळालं, नाही मिळालं, रांगेच्या शेवटी गेला. कागद सत्र संपल्यावर, मुलं गेल्यावर, दोघांच्या मधेच उघडायचा. आकडा बोलतो, त्यामुळे कुणाला कडू बोलावं लागत नाही. आपल्याकडे ज्येष्ठांच्या पाया पडायची रीत आहे, ती चांगलीच आहे. पण तिच्यामुळे 'सर, हे असं का?' हा प्रश्न घशात अडकतो. कागदाला पाया पडावं लागत नाही.

वहीबद्दलही थोडं. प्रत्येक शिबिरात वही ठेवायला सांगतात आणि प्रत्येक वहीचा दोन महिन्यांत हजेरीपट होतो. कारण ती घरी गेल्यावर लिहायची असं ठरलेलं असतं. गाडीला किक मारण्याआधी, मैदानाच्या कट्ट्यावर, चार ओळी पुरतात: काय ठरवलं होतं, काय झालं, कुणापर्यंत पोचलो नाही, उद्या काय बदलणार. चौथी ओळ रिकामी राहिली तर बाकीच्या तीन लिहूनही उपयोग नाही.

अभ्यासक्रमांचं काय? पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं, १९६१ पासूनच्या 'एनआयएस'चं, नाव आपल्या मैदानांवर अजून दबदब्याने घेतलं जातं. तिथला सर्टिफिकेट कोर्स सहा आठवड्यांचा. नोकरी करून संध्याकाळी शिकवणाऱ्याला सहा आठवडे म्हणजे साठवलेली सगळी रजा, किंवा बिनपगारी. ताईंच्या बाबतीत तर घर, मुलं आणि राहण्याची सोय हे हिशेब अर्ज भरण्याआधीच सुरू होतात. खेळाडू म्हणून तयार झालेल्या किती मुली लग्नानंतर मैदानाच्या कडेलाही दिसत नाहीत, ते आपण बघतोच. तरीही ज्याला जमेल त्याने जावं, आणि कशासाठी जायचं ते ओळखून जावं. खो कसा द्यायचा हे तो इथेच शिकलेला असतो. तिथून आणायच्या त्या मैदानावर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी.

एकच उदाहरण घेतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा पाटीत बसताना गुडघ्याखाली दुखतं म्हणतो. गुडघ्याच्या वाटीपासून निघणारा स्नायुबंध नडगीच्या हाडाला जिथे जोडला जातो तिथे या वयात अजून वाढीचं कूर्चामय टोक असतं. मांडीचे मोठे स्नायू आकसले की तो बंध या कोवळ्या जागेला ओढतो. खो-खोत आक्रमणाच्या एका डावात गडी किती वेळा बसतो, झटक्यात उठतो, पळतो आणि पुन्हा बसतो ते मोजून बघा. ओढ किती पडते ते लक्षात येईल. तिथे टेंगूळ येतं, दाबलं की दुखतं. वैद्यक यालाच ऑस्गुड-श्लॅटर म्हणतं. हे ठाऊक नसलेला प्रशिक्षक म्हणतो, 'नाटकं करतोय, दोन फेऱ्या मार.' ठाऊक असलेला पोराची बसण्या-उठण्याची आवर्तनं कमी करतो, त्याला काही आठवडे हुलकावणीच्या चालत्या सरावात ठेवतो आणि दुखणं वाढतंय असं दिसलं तर डॉक्टरकडे पाठवतो. टाचेचंही तसंच, तेही वाढीच्या वयातलं दुखणं, बरेचदा उंची भराभर वाढते त्या दिवसांतलं. म्हणून मंडळाच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी मुलांची उंची खुणावून ठेवणं ही अगदी स्वस्त प्रयोगशाळा आहे. खूण एकदम वर सरकली की त्या मुलाचे सूर कमी करायचे.

दुसरी न दिसणारी गोष्ट कायद्याची. २०१२ चा पॉक्सो कायदा बिनपगारी दादालाही तेवढाच लागू आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो. 'मंडळाचं नाव खराब होईल' म्हणून आत मिटवणं कायद्यात बसत नाही. हे बहुतेक प्रशिक्षकांना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि खरं तर एका संध्याकाळच्या सत्रात सांगून होतं.

मात्र अभ्यासक्रमाच्या वर्गात मुलं प्रौढ असतात, शहाणी असतात, सांगितलेलं करतात. कारण ती दुसरे प्रशिक्षकच असतात. म्हणून तिथे जमलेला सराव इथे कोसळतो. परत आल्यावर पहिल्या महिन्यात एकच नवी गोष्ट लावावी. वही भरून आणलेला माणूस पहिल्या आठवड्यात सगळंच बदलतो, मुलं गोंधळतात, आणि तिसऱ्या आठवड्यात दहा फेऱ्या परत येतात.

घरबसल्या, जवळजवळ फुकटात होणारं एक शिक्षण मात्र फारच थोडे घेतात: पंच परीक्षा. नियमांचं पुस्तक आपण हरकत घेण्यापुरतं उघडतो. खो-खोचे पहिले नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये बांधले गेले. तेव्हापासूनच्या प्रत्येक कलमात कुणीतरी कुठलीतरी पळवाट बुजवलेली आहे, आणि बुजवलेली पळवाट म्हणजेच शिकवण्याचा मुद्दा. दिशा घेतल्यावर आक्रमकाची खांद्याची रेषा काटकोनापेक्षा जास्त वळली तर फाऊल. नियम म्हणून हे एक वाक्य. पण यातूनच पळणाऱ्याला काय शिकवायचं ते निघतं: तोंडाकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ. तोंड फसवतं, खांद्याला फसवायची मोकळीक नियमाने फार थोडी ठेवली आहे. खो मिळण्याआधी उठण्याचं फाऊलही तसंच. पंच म्हणून दहा सामने उभं राहिलं की कळतं, बसलेला गडी घाईने उठत नाही, तो अंदाजाने उठतो. येणाऱ्याच्या पावलांच्या आवाजावर. मग सरावात खो देणाऱ्याने मुद्दाम कधी खो द्यायचा, कधी नुसतं मागून निघून जायचं. बाकड्यावरून आरडाओरडा करताना हे दिसत नाही.

आणि रील्स. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे. त्याआधी २०२२ पासून अल्टिमेट खो-खोची लीग होती. आता नवी मुलं येतात ती मॅट आणि वजीर डोक्यात घेऊन. वजीर म्हणजे लीगमधला खास आक्रमक, तो कुठल्याही दिशेला पळू शकतो. जिल्हा स्पर्धेत तो नाही. हा फरक प्रशिक्षकाने आधीच समजून घेतलेला बरा, नाहीतर आठवीतलं पोरगं त्याला समजावतं. फोनवर येणाऱ्या सरावांतले बरेचसे दिसायला देखणे असतात. जमिनीवर पसरलेली शिडी, तिच्यातून थुईथुई नाचणारे पाय. तिला माझी हरकत एवढीच की समोर कुणी नसतं. पाय वेगाने हलतात, पण कुठे हलायचं हे शिडीने आधीच ठरवलेलं असतं. खो-खोत ते समोरचा ठरवतो. शिडी अंग गरम करायला पाच मिनिटं ठीक. नवा सराव मैदानावर आणण्याआधी बघावं की समोर प्रतिस्पर्धी आहे का, मुलाला काही ठरवावं लागतं का, आणि दहा मिनिटांत त्याच्या किती पाळ्या होतात. पैकी दोन उत्तरं पटली नाहीत तर तो सराव फोनमध्येच राहू द्यावा.

सूर शिकवतानाही अशीच देखणेपणाची भूल पडते. सूर बघायला इतका आवडतो की तो पहिल्याच महिन्यात पूर्ण वेगाने मारायला लावतात. मूल घाबरून वरच्या दिशेने उडी घेतं, मग आपटतं गुडघ्यावर, नाहीतर हनुवटीवर. क्रम साधा आहे. भुसभुशीत केलेल्या ओल्या मातीत, आधी गुडघ्यांवर बसून पुढे घसरायचं. मग उकिडवं बसून. मग चालत येऊन. वेग सगळ्यात शेवटी. खांबावरच्या सुराला शेवटच्या तीन पावलांच्या जागी फक्कीने खुणा करायच्या, कारण खांबाला छाती ठेचते ती धाडस कमी पडल्याने नाही, पावलं चुकल्याने.

मुलांना विचारायचं राहिलंच. स्मिथ-स्मॉल यांच्या मोजणीत मुलांचंच म्हणणं खरं निघालं होतं, तेव्हा त्यांना विचारायला लाजू नये. महिन्यातून एकदा, नाव न घालता, चिठ्ठीवर. 'सर कसे वाटतात?' असं विचारलं तर चोवीस चिठ्ठ्यांवर 'छान' येतं. त्याऐवजी असं विचारावं: आज तुझी पाळी किती वेळा आली? आज तुला नवीन काय सांगितलं? कशाची भीती वाटली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या अंदाजाशी ताडून बघायचं. दुसऱ्याच्या पुढे 'काही नाही' असं आलं तर ती चिठ्ठी जपून ठेवायची. आणि तिसऱ्याच्या पुढे एखादी चिठ्ठी 'खांब' म्हणते, एखादी 'दहा फेऱ्या', आणि अधूनमधून, वाकड्या अक्षरात, 'सरांची शिट्टी'.